संग्रहालयांतील समुद्र



उन्हाळ्याची सुटी लागली की घाटावरच्या घरांतून एक मागणी हटकून येते, "आम्हांला समुद्र दाखवा." आईबाप आपल्या सवडीप्रमाणे मुलांना अलिबागेस किंवा मुरुडास नेतात. मुले वाळूत खेळतात, लाटांत भिजतात, खिशात शिंपले भरतात, आणि दुसऱ्या दिवशी मंडळी घरी परततात. समुद्र पाहून झाला, असे सर्वांस वाटते. वस्तुतः त्यांनी पाहिलेला असतो तो समुद्राचा काठ. या समुद्राने आपल्या पूर्वजांशी कोणता व्यवहार केला, कोणास श्रीमंत केले, कोणास बुडविले, आपल्या शेतात पडणाऱ्या पावसाशी आणि आपल्या पोटाच्या उद्योगाशी त्याचा काय संबंध आहे, हे काठावर उभे राहून दिसत नाही. ते पाहावयाचे असेल तर संग्रहालयात गेले पाहिजे. आणि नवलाची गोष्ट अशी की, समुद्राची उत्तम साक्ष देणाऱ्या कित्येक वस्तू समुद्रापासून पुष्कळ दूर, आपल्या देशावरच्याच संग्रहालयांत आहेत. त्या कोणत्या, त्यांचा अर्थ काय, आणि एका उन्हाळ्यात त्या कोणत्या क्रमाने पाहाव्यात, हे सांगणे एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

असा कार्यक्रम उन्हाळ्यातच का करावा, असे कोणी विचारील. सुटी हे एक कारण झालेच. परंतु दुसरेही एक आहे. उन्हाळ्याचे हे दोन-अडीच महिने समुद्राच्या तीन वार्षिक दिवसांनी आखून दिल्यासारखे आहेत. ५ एप्रिल हा आपल्या देशाचा राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली या दिवशी सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला जाण्यास निघाली. विदेशी कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या त्या मार्गावर भारतीय मालकीची बोट धाडण्याचे ते धाडस होते. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. तो १९७७ सालापासून पाळला जातो. ८ जून हा जागतिक महासागर दिन. आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते; होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेस दर्या पुन्हा मोकळा होतो. म्हणजे एप्रिलच्या आरंभी उघडणारा आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर मिटणारा असा हा समुद्राच्या अभ्यासाचा हंगामच होय.

आता आमच्या पुनावळ्यासारख्या गावाने समुद्राचा अभ्यास का करावा? गाव पवनेच्या काठी वसलेले. येथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत मोजला तर शंभर किलोमीटरही नाही. तथापि पवनेचे पाणी त्या समुद्राकडे जात नाही. सह्याद्रीने त्याची पाठ पश्चिमेकडे केली आहे. ते पाणी दापोडीस मुळेला मिळते, पुण्यात मुळा-मुठा होते, पुढे भीमेत जाते, उजनीच्या जलाशयात थांबते, पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घेते, रायचूरच्या बाजूस कृष्णेत मिसळते, आणि धरणाधरणांतून जे काही उरेल ते आंध्रातल्या हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात पडते. हा प्रवास हजार किलोमीटरांहून अधिक आहे. जवळचा समुद्र सोडून दूरचा समुद्र गाठणारी ही नदी आहे. आणि तिच्या काठी राहणाऱ्या माणसास एक सोडून दोन समुद्र लाभले आहेत, हे बहुधा त्याच्या ध्यानीही नसते.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी तेच. आमच्या गावाच्या कडेने पुण्याचा बाह्यवळण रस्ता जातो. चाकणच्या कारखान्यांत जुळलेल्या मोटारी आणि मोठमोठ्या लोखंडी पेट्यांत भरलेला माल या भागातल्या रस्त्यांनी घाट उतरतो आणि मुंबई बंदरातून किंवा १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून परदेशी रवाना होतो. कारखान्यात पेच आवळणाऱ्या ज्या तरुणाने समुद्र उभ्या जन्मात दोनदाच पाहिला असेल, त्याचाही पगार अखेर समुद्रावर अवलंबून आहे. तेव्हा समुद्र ही कोकण्यांची बाब, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणण्याची सोय घाटावरच्या माणसास राहिलेली नाही.

असो. आता कार्यक्रमाकडे वळू.

पहिला मुक्काम घराजवळचाच असावा. पुण्यात घोरपडीच्या बाजूस दक्षिण कमानीचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १९९८ साली १५ ऑगस्टला त्याचे उद्घाटन झाले. तेथे नौदलाच्या 'त्रिशूल' या लढाऊ जहाजाची मोठी प्रतिकृती आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा अंजदीव बेटाच्या कारवाईत हे जहाज होते. आणि १९७१ च्या युद्धात कराचीवर दुसरा हल्ला करणाऱ्या तुकडीतही ते होते. मुलांना ही प्रतिकृती नुसती दाखवू नये. तिच्यासमोर उभे करून विचारावे: जहाजाची नाळ निमुळती का? तोफा कोठे बसविल्या आहेत? सर्वांत उंच जागी काय आहे, आणि ते उंचच का? समुद्राचा पृष्ठभाग वाकलेला आहे. म्हणून जितके उंच तितके दूरचे दिसते, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य तेथे एका क्षणात पटते.

जहाजांची गोष्ट निघाली म्हणजे 'विक्रांत'ची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ही विमानवाहू युद्धनौका १९६१ साली आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने मोठा पराक्रम केला, आणि १९९७ च्या जानेवारीअखेर ती सेवेतून निवृत्त झाली. पुढे काही वर्षे ती मुंबईस तरते संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेतली हजारो मुले तिच्या तक्तपोशीवर चालून गेली. परंतु जुन्या जहाजाची डागडुजी हे सतत खर्चाचे काम असते. खारे पाणी पोलादाला खात राहते. रंग, पत्रे, खिळे बदलावे लागतात. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणाने संग्रहालय बंद झाले, २०१४ साली जहाज भंगारात विकले गेले आणि पुढे तोडले गेले. त्या पोलादाचा काही भाग आकुर्डीस मुख्य कचेरी असलेल्या बजाज ऑटो कंपनीने विकत घेतला आणि २०१६ साली 'व्ही' नावाच्या मोटारसायकलीत त्याचा अंश वापरला. म्हणजे समुद्रावरचे एक अख्खे संग्रहालय मोडून घाट चढून आमच्या शेजारी आले, आणि रस्त्यावरून धावू लागले! कारागिरीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण ज्या तक्तपोशीवरून विमाने उडाली ती तक्तपोशी आता कोणासही पाहावयास मिळणार नाही, ही हळहळ राहतेच. मुंबईचे १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालयही इमारत धोक्याची ठरल्याने बंद झाले. तात्पर्य, "पुढल्या वर्षी पाहू" ही वृत्ती संग्रहालयांच्या बाबतीत फार महाग पडते. पाहणारे कमी झाले की राखणाऱ्यांचाही धीर सुटतो.

दुसरा मुक्काम कार्ल्याचा. मुंबईच्या रस्त्याने आमच्या गावापासून तीस-पस्तीस किलोमीटरांवर ही लेणी आहेत. भिंतीत कोरलेले ते एक संग्रहालयच समजावे. येथील भव्य चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या खांबांवर दाते लोकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या व्यापारी गावचे कित्येक रहिवासी आहेत, आणि त्यांपैकी काही आपणांस 'यवन' म्हणवितात. यवन म्हणजे मुळात ग्रीक; पुढे पश्चिमेकडून समुद्रमार्गे आलेल्या लोकांस हाच शब्द लावीत. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे. त्या बंदरगावच्या माणसाचेही दान येथे आहे. डोंगराच्या पोटातल्या लेण्यात बंदरावरची माणसे कशी आली? त्याचे उत्तर लेण्याच्या पायथ्याशी आहे. कल्याण आणि सोपारे या बंदरांतून देशावर येणारा माल बोरघाटाने वर येत असे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या वाटेच्या आसपासची. जेथून आज मोटारी घाट उतरतात, तेथून तेव्हा बैलांचे तांडे चढत-उतरत असत.

तिसरा मुक्काम कोल्हापूरचा, आणि माझ्या मते सबंध कार्यक्रमाचा हा गाभा होय. कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५ च्या सुमारास तेथे उत्खनन होऊन काशाच्या वस्तूंचा एक ठेवा हाती लागला. पुढे डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी आणि मो. गं. दीक्षितांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. त्या ठेव्यात परदेशी घडणीची भांडी होती आणि एक लहानशी मूर्ती होती. वीतभरही उंच नसलेली ही मूर्ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची आहे. आपल्याकडे जसा वरुण, तसा त्यांच्याकडे पोसायडन; त्याचे आयुध त्रिशूळ. आज ही मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

विचार करा, श्रोतेहो. भूमध्य समुद्राच्या काठी पुजला जाणारा हा देव अंबाबाईच्या नगरीत, सह्याद्रीच्या अलीकडे, नदीकाठच्या एका घरात येऊन राहिला होता. तो कोणी आणला? व्यापाऱ्याने सौदा म्हणून आणला, की एखाद्या हौशी सावकाराने शोभेसाठी मागविला? मूर्तीवर हे लिहिलेले नाही. पण ती येथे कशी पोहोचली असेल, याचा मार्ग मात्र आपण उलगडू शकतो, आणि तो उलगडताना समुद्राचे सर्वांत मोठे रहस्य कळते. ते रहस्य म्हणजे वारा.

उन्हाळ्यात आपली जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची बाष्पाने जड झालेली हवा नैर्ऋत्येकडून धावत येते. हा झाला नैर्ऋत्य मोसमी वारा. हिवाळ्यात जमीन लवकर निवते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो, आणि वारा उलटा होऊन ईशान्येकडून वाहू लागतो. वर्षातून दोनदा दिशा पालटणारा असा नेमाचा वारा जगातल्या थोड्याच समुद्रांवर आहे. अरबी समुद्र ओलांडणाऱ्या नाविकांनी हा नेम ओळखला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशाच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास सुटत आणि या वाऱ्याच्या पाठबळाने, आपल्याकडे पावसाचा जोर ओसरण्याच्या वेळी, हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागत. माल घेऊन ती डिसेंबर-जानेवारीत ईशान्य वाऱ्यावर परत जात. ज्या वाऱ्याने कोल्हापूरचा पोसायडन आणला, तोच वारा लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पाडतो, आणि सह्याद्री ओलांडताना रिता होऊन पुण्यास सातशेच्या आसपासच देतो. तोच पवनेचे धरण भरतो. आपल्या नळाला येणारे पाणी हे अशा रीतीने घाट चढून आलेला समुद्रच होय.

कोल्हापूरनंतर ज्यांस सवड असेल त्यांनी चौथा मुक्काम तेरचा करावा. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक जाणत्या नाविकाने समुद्रप्रवासाचे एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले आहे. त्यात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तगरहून साधे व तलम कापड गाड्यांतून भडोचास उतरे. उलट दिशेने इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि काच बंदरावर येई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंतून तेथे संग्रहालय उभे राहिले आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. इटलीतले पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एक भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आणि आपली तेरची मूर्ती यांत विद्वानांस बहिणींसारखे साम्य दिसते. म्हणजे समुद्राच्या वाटेने तिकडचा देव इकडे आला आणि इकडची मूर्ती तिकडे गेली. देवघेव ही दोन्ही हातांनी झाली.

जुन्या वस्तूंकडे पाहून काय मिळते, असे म्हणणाऱ्यांस अजिंठ्याचे उदाहरण द्यावे. तेथील दोन क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगविलेले आहे. पाचव्या शतकाच्या सुमाराचे हे चित्र. आपल्या नौदलाने त्या चित्राच्या आधाराने खरेखुरे जहाज बांधविले. त्याच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. जुन्या काळी आपल्याकडे जहाजे अशीच शिवीत. फळ्या शिवलेल्या असल्या की लाटेच्या माऱ्याने जहाज किंचित लवते, तडकत नाही. 'कौंडिण्य' नावाचे हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर नौदलात दाखल झाले, २०२५ च्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. भिंतीवरचे चित्र दीड हजार वर्षांनी पाण्यात उतरले! पाहणाऱ्याने नीट पाहिले आणि राखणाऱ्याने नीट राखले, म्हणूनच हे होऊ शकले.

पाचवा मुक्काम मुंबईचा. तेथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ साली बसली आणि ते १९२२ साली जनतेस खुले झाले. त्यात सागरी वारशाचे एक स्वतंत्र दालन आहे. तेथून वेळ काढून बोरिवलीजवळच्या एकसर गावी जावे. तेथे उघड्यावर उभे असलेले वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड तो वीरगळ. देशावर गावोगाव ते आढळतात. परंतु एकसरच्या दगडांवर चक्क नौकायुद्ध कोरले आहे: डोलकाठ्या, वल्ह्यांच्या रांगा, एकमेकींवर चालून जाणाऱ्या नौका. सन १२६५ च्या सुमारास देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात जे युद्ध झाले, त्याचे हे चित्र असावे, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. देवगिरी कोठे आणि समुद्र कोठे! पण घाटावरचे राज्यही समुद्रावाचून पुरे होत नाही, हे यादवांस उमगले होते.

हेच सूत्र पुढे चालू राहते. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीचा, बाळपण पुण्याचे. दोन्ही ठिकाणे घाटावरची. कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर त्यांनी आरमार उभारण्यास आरंभ केला, आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चहूकडे खारे पाणी असता त्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. कान्होजी आंग्र्यांचे आडनाव पुणे प्रांतीच्या आंगरवाडीवरून पडले, असे सांगतात. त्यांच्या आरमारातले गुराब हे मोठे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे. आणि गलबत हे लहान, वारा पडला तरी चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. उथळ खाडीत ही जहाजे सहज शिरत, आणि खोल बुडाची परकी जहाजे बाहेरच ताटकळत. कान्होजी १७२९ साली वारले. तोवर इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांचा कुलाबा घेऊ शकले नाहीत. विसाव्या शतकात 'लॉयल्टी' बोटीच्या साहसामागे उभे राहिलेले वालचंद हिराचंद हेही सोलापूरचे.

परंतु याच इतिहासात एक कडू पानही आहे, आणि ते मुलांपासून लपवू नये. १७५६ साली विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळणाऱ्या इंग्रजांच्या मोहिमेत जमिनीवरून पेशव्यांचे सैन्य सामील होते. आंग्र्यांशी असलेले वैर तेवढे पेशव्यांस दिसले. त्या आगीत मराठ्यांचेच सर्वांत मोठे सागरी बळ जळत आहे, हे पुण्याच्या वाड्यातून दिसले नाही. यापुढे मराठ्यांचे आरमार इंग्रजांच्या तोडीस तोड म्हणून पुन्हा उभे राहिले नाही. घाटावरच्या माणसाने समुद्र परका मानला म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मजजवळ नाही. आज आपल्या नौदलाच्या ध्वजावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली त्या प्रसंगी ती स्वीकारण्यात आली. त्या अष्टकोनाचा अर्थ मुलांस समजावयाचा तर सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग ही दोन्ही नावे एका दमात सांगितली पाहिजेत.

सहावा आणि शेवटचा मुक्काम रत्नागिरीचा. तेथे झाडगावास कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. त्याच्या मत्स्यालयात जिवंत मासे आहेत आणि संग्रहालयात एका देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. त्याची लांबी पन्नास फुटांहून अधिक. मुले तो पाहून थक्क होतात; पण थक्क होणे पुरेसे नाही. त्याच्या पुढल्या परांची हाडे निरखून पाहावीत. बाहेरून ज्याला आपण पर म्हणतो, त्याच्या आत खांदा, कोपर, मनगट आणि बोटांच्या हाडांच्या रांगा आहेत. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते; देवमाशाची शेपटी आडवी असते व ती वर-खाली हलते, कारण त्याचा कणा धावणाऱ्या चतुष्पादाप्रमाणे वर-खाली लवणारा आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. नावात मासा असूनही तो मासा नव्हे. कोणे एके काळी जमिनीवरून समुद्रात परतलेला तो आपलाच दूरचा सोयरा होय. एका सांगाड्यापुढे अर्धा तास उभे राहिले तर प्राणिशास्त्राचा हा सारा धडा वाचावयास मिळतो.

हा मुक्काम मी हेतुतः शेवटी ठेवला आहे. कारण देवमासा पाहिल्यावर मुलांना एक प्रश्न विचारणे सोपे जाते: "हा जेथे राहतो, तेथे आपल्या घरचे काय पोहोचते?" गेल्या काही वर्षांत पवनेवर पांढरा फेस तरंगताना आणि मेलेले मासे काठाला लागलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. आपण नदीत टाकलेली पिशवी दापोडीस थांबत नाही. पंढरपुरासही थांबेलच असे नाही. पवनेचा मार्ग आरंभी सांगितला तो एवढ्यासाठीच. समुद्र मालवणास सुरू होत नाही. तो आपल्या मोरीच्या तोंडाशी सुरू होतो.

आता दोन शब्द व्यवहाराचे. हे सहाही मुक्काम एका कुटुंबाने एकाच सुटीत करावेत, असा आग्रह नाही. पुण्याचे स्मारक आणि कार्ल्याची लेणी या एकेका दिवसाच्या सहली आहेत. ऊन चढण्यापूर्वी कार्ल्याच्या पायऱ्या चढून जाव्यात. कोल्हापूर आणि रत्नागिरी या एका फेरीत होतील. उरलेले पुढल्या वर्षासाठी राखावे. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी. प्रत्येक मुलाजवळ एक वही असावी. दिसेल ते सारे उतरवून घेण्याची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी एकच वस्तू निवडावी, तिचे ओबडधोबड का होईना चित्र काढावे, आणि त्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: ही कशाची केली आहे? ही कोठून आली? आणि येथपर्यंत कशी पोहोचली? पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा भूगोलाचा, तिसरा इतिहासाचा. शाळेत हे तीन विषय तीन घंटांना शिकवावे लागतात. संग्रहालयात ते एकाच वस्तूपाशी भेटतात.

गावातल्या शिक्षकांना आणि वाचनालयांच्या चालकांना एक विनंती करावीशी वाटते. ८ जूनच्या सुमारास सुटी संपत आलेली असते. त्या दिवशी गावातल्या मुलांच्या या वह्या एखाद्या खोलीत मांडून ठेवाव्यात. शेजारी पवनेपासून हंसलदीवीपर्यंतचा नकाशा मुलांकडून काढवून भिंतीस लावावा. कोणाच्या घरी समुद्रावरून आणलेले शंख-शिंपले असतील, कोणाचा मामा बोटीवर नोकरीस असेल, कोणाचे वडील बंदरावर माल पोहोचविणाऱ्या गाडीवर असतील. त्यांजकडून एखादी वस्तू, एखादे छायाचित्र मागून आणावे आणि त्याखाली तीच तीन उत्तरे लिहावीत. खर्च म्हणाल तर सुतळी, खळ आणि कागद यांचा. एवढे केले म्हणजे पुनावळ्यासारख्या गावातही दोन दिवसांपुरते समुद्राचे संग्रहालय उभे राहील, आणि पाहावयास येणारांमध्ये मुलांचे आजी-आजोबा सर्वांत पुढे असतील, याविषयी मला शंका नाही.